अमेरिकेतल्या प्रायव्हेट युनिव्हर्सिटीची फी जाते कुठं, हे घरबसल्या कसं शोधायचं

अमेरिकेतल्या प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळालं की घरात दोनच गोष्टींची चर्चा होते, रँकिंग किती आणि फी किती. हे लोक एवढ्या पैशाचं करतात काय आणि त्यातलं आपल्या पोराच्या पदरात किती पडतं, हे कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना वाटतं की ते आपल्याला कोण सांगणार. पण ते सगळं कागदोपत्री उघड आहे. तिथल्या बहुतेक नावाजलेल्या प्रायव्हेट युनिव्हर्सिट्या ना-नफा संस्था आहेत, त्यांना टॅक्समध्ये माफी मिळते, आणि त्या माफीच्या बदल्यात दरवर्षी जमाखर्च सरकारला द्यावा लागतो जो कुणालाही बघता येतो, फुकट, मोबाइलवरसुद्धा. लाखभर डॉलरचं कर्ज डोक्यावर घ्यायच्या आधी दोन संध्याकाळी या कागदांना द्या, एवढंच माझं कळकळीचं म्हणणं आहे. कुठले कागद, त्यात कुठल्या ओळी बघायच्या, ते सांगते.

आधी छापील फी बाजूला ठेवा

कॉलेज बोर्ड या अमेरिकन संस्थेच्या आकड्यांप्रमाणे २०२४-२५ मध्ये चार वर्षांच्या ना-नफा प्रायव्हेट कॉलेजांची सरासरी छापील फी होती ४३,३५० डॉलर, तीही फक्त शिकवणीची, राहणं-जेवण वेगळं. पण नव्यानं फुल टाइम ॲडमिशन घेतलेल्या मुलांनी ग्रँट (परत न करायची मदत) वजा जाता प्रत्यक्षात भरले ते सरासरी १६,५१० डॉलर. कॉलेजांचे आर्थिक व्यवहार सांभाळणाऱ्या लोकांची नॅक्युबो नावाची संघटना आहे, तिच्या पाहणीत पहिल्या वर्षाच्या मुलांच्या ट्युशनपैकी ५६ टक्क्यांच्या आसपास रक्कम कॉलेजं स्वतःच सूट म्हणून सोडून देतात असं दिसतं. म्हणजे छापील फी ही सगळ्यात वरची किंमत आहे, ती मोजकेच लोक पूर्ण भरतात, आणि एकाच वर्गात शेजारी शेजारी बसलेल्या दोन मुलांची फी वेगळी असते. महागाई हिशोबात धरली तर ही प्रत्यक्ष भरलेली सरासरी फी गेल्या पंधरा-वीस वर्षांत उलट कमी झालीय, छापील मात्र चढत गेली.

आता आपल्याकडून जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत मोठा फरक पडतो तो इथं. वरची सरासरी आहे ती मुख्यतः तिथल्या मुलांची. कॉलेजांच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतं, २०११ पासून ते ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे, पण त्यात फेडरल, म्हणजे अमेरिकन सरकारची, मदतही धरलेली असते जी स्टुडंट व्हिसावरच्या मुलाला मिळत नाही, त्यामुळं भारतातून जाणाऱ्यानं त्याच्या उत्तरावर विसंबू नये (तुमचं मूल तिथलं नागरिक किंवा ग्रीन कार्डवर असेल तर जरूर वापरा). त्याऐवजी कॉलेजचं नाव आणि पुढं कॉमन डेटा सेट असं सर्च करा, बहुतेक कॉलेजं स्वतःच्या आकड्यांची ही पीडीएफ दरवर्षी टाकतात, आणि त्यात एच विभागातला सहावा प्रश्न काढा. परदेशी मुलांना कॉलेज स्वतःच्या पैशातून मदत देतं का, किती जणांना दिली आणि सरासरी किती दिली, हे तिथं आकड्यांत असतं. मग बी विभागात एकूण परदेशी मुलं किती ते बघा आणि भागाकार करा. शंभरातल्या पाच जणांनाच मदत मिळाली असेल तर सरासरी मदत कितीही मोठी दिसली तरी तुमच्यासाठी ती फी छापीलच आहे असं धरून चाला. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन अशी थोडी ठिकाणं आहेत जिथं परदेशी मुलाची ऐपत ॲडमिशन देताना बघत नाहीत आणि नंतर गरज असेल तेवढी मदत करतात. पण ही यादी छोटी आहे आणि तिथं ॲडमिशन मिळणं किती अवघड ते वेगळं सांगायला नको.

आणि एमएसला जाणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्या, वरचं सगळं सूट-प्रकरण पदवीच्या मुलांचं आहे. मास्टर्सला सूट खूप कमी मिळते, बऱ्याच ठिकाणी मिळतच नाही, आणि पूर्ण फी भरणारी मास्टर्सची मुलं हा अनेक युनिव्हर्सिट्यांचा मोठा आधार असतो, त्यातून इतर विभाग पोसले जातात. टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप मिळाली तर बहुतेक ठिकाणी ट्युशन माफ होते, पण ती प्रायव्हेटमध्ये जास्त करून पीएचडीवाल्यांना आधी जाते. म्हणून डिपार्टमेंटला सरळ ईमेल करा की गेल्या वर्षी तुमच्या मास्टर्सच्या किती मुलांना पहिल्या सेमिस्टरपासून ट्युशन माफी मिळाली. सिनियर म्हणाला मिळते, याला काही अर्थ नाही, आकडा मागा.

ऑफर लेटर वाचताना

अमेरिकन सरकारच्याच जीएओ या तपासणी खात्यानं २०२२ मध्ये कॉलेजांची मदतीची पत्रं तपासली तेव्हा ९१ टक्के कॉलेजं खरी निव्वळ किंमत एकतर देतच नाहीत किंवा कमी करून दाखवतात असं निघालं. दहातली नऊ. त्यामुळं पत्रावर खाली जो आकडा असेल तो तसाच धरू नका, स्वतः मांडा. एका बाजूला सगळा खर्च लिहा, ट्युशन, सक्तीच्या फिया (टेक्नॉलॉजी फी, ॲक्टिव्हिटी फी, परदेशी विद्यार्थी फी, काही ठिकाणी या सगळ्या मिळून हजारोंत जातात), हेल्थ इन्शुरन्स, हॉस्टेल, मील प्लॅन, पुस्तकं, विमान. दुसऱ्या बाजूला फक्त ग्रँट आणि स्कॉलरशिप लिहायची, जी परत करायची नसते. कर्ज आणि कॅम्पसवरच्या नोकरीची रक्कम पत्रात मदत म्हणूनच छापलेली असते, पण कर्ज व्याजासकट फेडायचंय आणि नोकरी आधी करायची मग पैसे, त्यामुळं ते दोन्ही खोडा.

एक उदाहरण मांडून बघू. समजा ट्युशन ६०,००० डॉलर आणि स्कॉलरशिप वर्षाला ३०,०००, चार वर्षं पक्की. आई-बाबा हिशोब करतात तीस गुणिले चार, एक लाख वीस हजार. पण पत्रात बारीक बघा, स्कॉलरशिप रकमेत आहे की टक्क्यांत? रकमेत असेल तर ती तीस हजारच राहणार आणि ट्युशन मात्र दरवर्षी वाढणार. चार टक्के वाढ धरली तर ट्युशन होते दुसऱ्या वर्षी ६२,४००, तिसऱ्या वर्षी ६४,८९६, चौथ्या वर्षी ६७,४९२. तुमच्या खिशातून जाणारे पैसे तीस हजारांवरून साडेसदतीस हजारांवर गेले, म्हणजे फी वाढली दरवर्षी चार टक्क्यांनी पण तुमचा बोजा चौथ्या वर्षापर्यंत पंचवीस टक्क्यांनी वाढला, आणि चार वर्षांचा एकूण हिशोब १,३४,७८८ वर गेला. हे पत्रात कुठंही खोटं लिहिलेलं नसतं, फक्त चौथ्या वर्षाचा आकडा लिहिलेला नसतो. म्हणून मागची चार-पाच वर्षं ट्युशन दरवर्षी किती टक्क्यांनी वाढली ते जुन्या पानांवरून काढा आणि चारही वर्षं कागदावर मांडा.

फॉर्म ९९०

आता खरा माल. ना-नफा संस्था अमेरिकेच्या इन्कम टॅक्स खात्याला, म्हणजे आयआरएसला, जो वार्षिक फॉर्म भरते तो फॉर्म ९९०. प्रोपब्लिका नावाच्या पत्रकारांच्या संस्थेनं नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर म्हणून साइट केलीय, तिथं नाव टाकलं की बऱ्याच वर्षांचे फॉर्म मिळतात. नाव टाकताना एक अडचण येते, युनिव्हर्सिटीचं कायदेशीर नाव बोलीतल्या नावापेक्षा वेगळं असू शकतं, हार्वर्डचा फॉर्म प्रेसिडेंट अँड फेलोज ऑफ हार्वर्ड कॉलेज या नावानं आहे, कोलंबियाचा ट्रस्टीज ऑफ कोलंबिया युनिव्हर्सिटी असा. शिवाय त्याच नावाची माजी विद्यार्थी संघटना, हॉस्पिटल, क्लब असलं बरंच काही यादीत येतं, त्यातलं सगळ्यात मोठ्या उत्पन्नाचं आणि बरोबर शहरातलं उचला. फॉर्म साधारण दीड-दोन वर्षं जुना मिळेल, त्यांना मुदतवाढ मिळते म्हणून, त्यानं आपलं काही अडत नाही. सरकारी युनिव्हर्सिट्या बहुतेक हा फॉर्म भरत नाहीत, नफ्यासाठी चालणारी कॉलेजं तर नाहीच, आणि काही चर्चच्या संस्थांना सूट असते, तर नाव सापडलं नाही तर आधी कॉलेज कुठल्या प्रकारचं आहे ते तपासा.

फॉर्म शंभर-दोनशे पानांचा असला तरी घाबरू नका, आपल्याला चार-पाच जागाच बघायच्यात (भागांचे आकडे रोमनमध्ये असतात). पहिल्या पानावर शेवटाकडे उत्पन्न, खर्च आणि दोघांतला फरक, मागच्या वर्षाचा शेजारी. असे चार-पाच वर्षांचे फरक एका कागदावर उतरवा. एखादं वर्ष तोट्याचं असणं ठीक आहे, शेअर बाजार पडला की असं होतं, पण ओळीनं तीन-चार वर्षं तोटा म्हणजे ती संस्था साठवलेलं खातेय.

मग आठवा भाग, उत्पन्नाचा. तिथं दुसऱ्या ओळीत ट्युशन, हॉस्टेल वगैरे कमाई सुटी सुटी लिहिलेली असते. ट्युशनचा आकडा टिपा आणि नवव्या भागात जा, तो खर्चाचा भाग, तिथं दुसऱ्या ओळीत देशातल्या व्यक्तींना दिलेली मदत असते आणि कॉलेजच्या बाबतीत ती मुख्यतः स्कॉलरशिप. हा आकडा भागिले ट्युशन केलं की युनिव्हर्सिटी गोळा केलेल्या दर शंभर डॉलरमागे किती परत वाटते त्याचा ढोबळ अंदाज येतो. ढोबळ अशासाठी की त्यात पदवी, मास्टर्स, पीएचडी सगळे एकत्र असतात. तरी दोन कॉलेजांत निवड करायची असेल तर हा एक भागाकार बरंच बोलून जातो. मदतीचं प्रमाण दरवर्षी चढतंय आणि ट्युशनमधून हातात उरणारी रक्कम तिथंच अडकलीय, असं दिसलं तर ते कॉलेज मुलं मिळवण्यासाठी सूट वाढवत चाललंय असं समजा.

नवव्या भागातच पगार, विमा, पेन्शन या ओळी आहेत. त्यांची बेरीज एकूण खर्चाच्या निम्म्याच्या आसपास किंवा वर गेलेली दिसेल, हार्वर्डमध्येही तसंच आहे, त्यात वावगं काही नाही, शिकवणं हे माणसांनी करायचं काम आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्येच हे मांडलं होतं की कारखान्यात यंत्रानं काम झपाट्यानं होतं आणि पगार वाढले तरी परवडतं, पण जिथं माणसानं माणसासाठी वेळ द्यायचा असतो तिथं काम तेवढंच राहतं आणि पगार मात्र बाकीच्यांच्या बरोबरीनं वाढवावे लागतात, म्हणून ते महागत जातं. हे एक कारण खरं. दुसरं कारण हॉवर्ड बोवेन नावाच्या वेगळ्या अर्थशास्त्रज्ञानं १९८० मध्ये सांगितलं, की नावलौकिकासाठी धडपडणारी संस्था मिळेल तेवढा पैसा गोळा करते आणि गोळा केलेला सगळा खर्च करते, म्हणजे खर्च वाढला म्हणून फी वाढली असं नसून पैसा मिळतो म्हणून खर्च वाढतो. मला वाटतं मोठ्या नावांच्या बाबतीत हे दुसरं जास्त लागू पडतं, छोट्या कॉलेजांच्या बाबतीत पहिलं.

पगाराच्या खाली आणखी चार ओळी बघा, जाहिरात, बाहेरच्या सेवांवरचा इतर खर्च, व्याज आणि घसारा. व्याज आणि घसारा म्हणजे बिल्डिंगा, त्याचं पुढं सांगते. शेजारी तीन रकाने असतात, मुख्य कामावरचा खर्च, व्यवस्थापन आणि देणग्या गोळा करण्याचा खर्च. ही वाटणी युनिव्हर्सिटी स्वतःच करते, त्यामुळं दोन युनिव्हर्सिट्यांचे रकाने एकमेकांशी लावून भांडत बसू नका, एकाच युनिव्हर्सिटीचं पाच वर्षांत काय बदललं ते बघा.

सातव्या भागात पगारांची यादी असते, नावासकट, ट्रस्टी, प्रेसिडेंट, मोठे अधिकारी आणि सगळ्यात जास्त पगार घेणारे. शेड्यूल जे या फॉर्मच्या पुरवणीत त्याची फोड. तिथं सुरुवातीलाच चौकोन असतात ज्यात खूण करायची असते, फर्स्ट क्लास किंवा चार्टर विमान, जोडीदाराचा प्रवास, राहण्याचा भत्ता, क्लबची वर्गणी, घरकामाला माणसं. कुठल्या चौकोनात खूण आहे ते बघाच. पण एक सांगते, प्रेसिडेंटचा पगार बघून रक्त आटवत बसण्यात अर्थ नाही. वीस लाख डॉलर पगार आणि वीस हजार मुलं धरली तरी डोई शंभर डॉलर होतात, तुमची फी त्यानं वाढत नाही. शिवाय कधी कधी सात-आठ वर्षं बाजूला ठेवलेली रक्कम एकाच वर्षी दिलेली असते म्हणून आकडा अचानक फुगलेला दिसतो, तो शेड्यूल जे मध्ये शेवटच्या रकान्यात कळतो. मी त्यापेक्षा सातव्या भागाच्या शेवटी दिलेले पाच सगळ्यात मोठे कंत्राटदार बघते. कुणी बांधकाम कंपनी, कुणी मेसवाला, आणि कधी ऑनलाइन डिग्री चालवणारी कंपनी. ऑनलाइन मास्टर्स घेणार असाल आणि तिथं असं नाव दिसलं तर विचारा की तुमच्या फीतला किती वाटा त्या कंपनीला जातो, कारण काही करारांत तो निम्म्याच्या घरात असतो.

एन्डॉवमेंटचा आकडा माणशी करून बघा

एन्डॉवमेंट म्हणजे देणग्यांतून साठवून गुंतवलेला निधी, ज्याचं मुद्दल राखून दरवर्षी साधारण साडेचार-पाच टक्के खर्चाला काढतात. हार्वर्डचा २०२४ मध्ये ५३.२ अब्ज डॉलर होता आणि लोक लगेच म्हणतात एवढे असताना फी कशाला घेतात. एकतर हा एक ढीग नाही, चौदा हजारांहून जास्त वेगवेगळे निधी आहेत आणि बराचसा पैसा देणाऱ्यांनी कशाला वापरायचा ते बांधून दिलेला आहे. आणि दुसरं, त्यातला पैसा खर्चाला येतोच, त्या वर्षी हार्वर्डच्या चालू उत्पन्नाचे ३७ टक्के तिथून आले.

तुमच्या कामाचा आकडा एकूण नसून माणशी आहे. प्रिन्स्टनकडे २०२४ मध्ये ३४ अब्जांच्या आसपास होते आणि मुलं नऊ हजारांच्या घरात. पाच टक्के काढले तर दर मुलामागे वर्षाला पावणेदोन लाख डॉलरहून जास्त होतात, फी घेतली नाही तरी चालेल अशी परिस्थिती, आणि म्हणूनच तिथं २००१ पासून मदतीत कर्ज धरतच नाहीत. आता न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी घ्या, निधी सहा अब्जांच्या वर, ऐकायला प्रचंड, पण मुलं पन्नास हजारांहून जास्त, म्हणजे माणशी लाखभर आणि वर्षाला खर्चाला पाच-सहा हजार. तिथं फीशिवाय गाडा चालूच शकत नाही. फॉर्म ९९० मध्ये हे शेड्यूल डी च्या पाचव्या भागात पाच वर्षांचं सलग मिळतं, सुरुवातीची शिल्लक, देणग्या, गुंतवणुकीची कमाई, स्कॉलरशिपला किती, इतर कामाला किती, व्यवस्थापनाला किती.

यात एक नवी गोष्ट आलीय. श्रीमंत प्रायव्हेट युनिव्हर्सिट्यांच्या गुंतवणुकीच्या कमाईवर २०१७ च्या कायद्यानं १.४ टक्के कर लावला होता, जुलै २०२५ च्या कायद्यानं तो माणशी निधीप्रमाणे १.४, ४ आणि ८ टक्के असा टप्प्यांचा केला. माणशी वीस लाख डॉलरच्या वर असणाऱ्यांना ८. ज्या कॉलेजांत फी भरणाऱ्या मुलांची संख्या तीन हजारांहून कमी आहे ती यातून सुटलीत. तुमच्या यादीत अगदी वरची नावं असतील तर पुढच्या दोन-तीन वर्षांत मदतीच्या नियमांत काय बदलतं त्यावर नजर ठेवा.

शिकवण्यावर किती

आयपेड्स नावाचा अमेरिकन शिक्षण खात्याचा डेटा आहे, त्यात प्रत्येक कॉलेजचा डेटा फीडबॅक रिपोर्ट मिळतो, थोडी पानं, आलेखांसकट, आणि त्यात दर विद्यार्थ्यामागे शिकवण्यावर, संशोधनावर, विद्यार्थी सेवांवर आणि ऑफिसवर किती खर्च झाला हे बरोबरीच्या कॉलेजांशी तुलना करून दिलेलं असतं. पालकांनी पहिल्यांदा हाच उघडावा, सगळ्यात सोपा आहे.

पण शिकवणं या शब्दाखाली काय काय घातलंय ते बघावं लागतं. कोलंबियाचंच घ्या. तिथलेच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी २०२२ मध्ये युनिव्हर्सिटीनं रँकिंगसाठी दिलेले आकडे एकेक करून तपासले. शिकवण्यावरचा खर्च ३.१ अब्ज डॉलर दाखवला होता, म्हणजे हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन तिघांच्या बेरजेपेक्षा जास्त. एवढा खर्च आला कुठून, तर त्यात मेडिकल सेंटरमध्ये पेशंटवर होणारा खर्च धरला होता. वर्गातल्या मुलांची संख्या वगैरे आकडेही जुळत नव्हते. त्या वर्षी कोलंबिया रँकिंगमध्ये दुसऱ्यावरून अठराव्या नंबरवर गेलं. त्यांनी हे सगळं उघड्या कागदांवरूनच शोधलं हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तर मेडिकल कॉलेज आणि हॉस्पिटल असलेल्या युनिव्हर्सिटीचा माणशी खर्च बघून भुलू नका. त्याला जोड म्हणून कॉमन डेटा सेटचा आय विभाग बघा, फुल टाइम प्राध्यापक किती, पार्ट टाइम किती, आणि दहा, वीस, पन्नास, शंभर मुलांचे वर्ग किती, म्हणजे तुमचं मूल प्रत्यक्षात कुणासमोर बसणार ते कळतं.

बिल्डिंग आणि कर्ज

कॅम्पस टूरमध्ये नवी कोरी बिल्डिंग दाखवतात तेव्हा मनातल्या मनात विचारा की ही कशातून झाली. देणगीतून झाली असेल तर चांगलंच, तरी वीज, साफसफाई, दुरुस्ती कायमची मागं लागते. कर्जातून झाली असेल तर पुढची वीस-तीस वर्षं मुलांच्या फीतून हप्ते जाणार.

न्यूयॉर्कच्या कूपर युनियनचं उदाहरण प्रत्येक पालकानं वाचावं असं आहे. १८५९ ची संस्था, इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर आणि कला शिकवणारी, आणि शंभरहून जास्त वर्षं प्रत्येक मुलाला पूर्ण ट्युशन माफ. क्रायस्लर बिल्डिंगखालची जमीन त्यांची, तिचं भाडं येतं. २००६ मध्ये त्यांनी ती जमीन तारण ठेवून १७.५ कोटी डॉलर कर्ज काढलं, २००९ मध्ये नवी चकचकीत इमारत उभी राहिली, तोवर बाजार कोसळला होता, आणि २०१३ मध्ये जाहीर केलं की पुढच्या वर्षीपासून फी घेणार. २०१४ ला आत आलेल्या मुलांना वर्षाला वीस हजारांच्या आसपास फी लागली. मुलांनी प्रेसिडेंटचं ऑफिस अडवून धरलं, कोर्टकचेरी झाली, राज्याच्या ॲटर्नी जनरलनं चौकशी केली, आणि आता संस्था हळूहळू मोफतकडे परत वळतेय, २०२४-२५ पासून चार वर्षं शेवटच्या वर्षाच्या मुलांची ट्युशन माफ केलीय. हे कर्ज आणि त्याचे हप्ते त्यांच्या हिशोबात तेव्हाही दिसत होते.

फॉर्म ९९० च्या दहाव्या भागात करमुक्त रोख्यांची देणी अशी ओळ असते आणि शेड्यूल के मध्ये कशासाठी कर्ज काढलं ते. आणखी खोलात जायचं असेल तर एम्मा नावाची साइट आहे, रोखे बाजाराची नियामक संस्था चालवते, तिथं रोखे काढणाऱ्या युनिव्हर्सिट्यांचे ऑडिट झालेले हिशोब असतात आणि बऱ्याच वेळा पुढच्या वर्षांत किती मुलं येतील आणि फी किती वाढवणार याबद्दलही गुंतवणूकदारांना सांगितलेलं असतं. पालकांना जे सांगत नाहीत ते तिथं मिळतं.

बंद पडण्याची भीती

हे छोट्या कॉलेजांसाठी. फिलाडेल्फियाच्या युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्सनं ३१ मे २०२४ ला कळवलं की ७ जूनला आम्ही बंद होतोय. एका आठवड्यात. हजाराहून जास्त मुलं. परदेशी मुलांना अशा वेळी व्हिसा टिकवण्यासाठी धावपळ करून दुसरीकडे ट्रान्सफर घ्यावी लागते. म्हणून ज्या कॉलेजचं नाव फारसं ऐकलेलं नाही त्याचा शिक्षण खात्याचा फायनान्शियल रिस्पॉन्सिबिलिटी स्कोअर बघा, उणे १ ते ३ अशी पट्टी असते, १.५ किंवा वर असेल तर पास. त्याच्या जोडीला खात्याची हायटन्ड कॅश मॉनिटरिंगची यादी बघा, ज्यांच्या पैशाच्या व्यवहारावर जास्त लक्ष ठेवलंय अशी कॉलेजं त्यात असतात. आणि पहिल्या वर्षाला किती मुलं आली ते पाच वर्षांचं बघा, आकडा सतत घसरतोय आणि उत्पन्न बहुतेक फीवरच आहे, तर तिथं चार वर्षांचा पैसा अडकवण्याआधी दहा वेळा विचार करा.

मग त्यांना लिहा

हे सगळं काढलं की एक पानाचा कागद होतो. तो समोर ठेवून फायनान्शियल एड ऑफिसला ईमेल करा, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावानं, तिथं पालकांपेक्षा मुलाला जास्त उत्तर देतात. विचारायचं ते साधं, सरळ. माझी स्कॉलरशिप रकमेत आहे की टक्क्यांत, ट्युशन वाढली तर ती वाढेल का. टिकवायला मार्क किती लागतात आणि गेल्या वर्षी किती मुलांची ती गेली. बाहेरच्या ट्रस्टची स्कॉलरशिप मिळाली तर तुम्ही तुमची ग्रँट तेवढी कापता का (बरीच कॉलेजं कापतात, आणि इकडच्या ट्रस्टकडून पैसे मिळाल्यावर मग कळतं). दुसऱ्या वर्षी मुलांची ग्रँट सरासरी कमी होते का.

आणि मदत वाढवून मागायला लाजू नका. तिथं ही रीत आहे, त्याला अपील म्हणतात, त्याच तोडीच्या दुसऱ्या कॉलेजची जास्त मदतीची ऑफर असेल तर ती जोडा, वडिलांची नोकरी गेली, आजारपण आलं, रुपया घसरला असं काही झालं असेल तर कागदासकट लिहा. दर शंभर डॉलरमागे हे कॉलेज पन्नास-साठ परत वाटतं हे तुम्ही फॉर्म ९९० मध्ये बघितलेलं असेल तर मागताना हात थरथरत नाहीत. पदवीसाठी बहुतेक ठिकाणी १ मे पर्यंत उत्तर द्यायचं असतं, म्हणून अपील एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच जायला हवं. एमएस किंवा पीएचडीला असिस्टंटशिपसकट ऑफर असेल तर काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावावर सही केलेल्या युनिव्हर्सिट्या १५ एप्रिलच्या आधी तुमच्यावर हो-नाहीची सक्ती करू शकत नाहीत, त्यामुळं मार्चमध्ये कुणी दोन दिवसांत कळवा म्हणून घाई केली तर त्या ठरावाचा उल्लेख करून १५ एप्रिलपर्यंत वेळ मागून घ्या. उत्तर फोनवर आलं तरी तेच ईमेलवर लिहून पाठवा म्हणायचं आणि ती ईमेल जपून ठेवायची, तिसऱ्या वर्षी ऑफिसमधली माणसं बदललेली असतात.